एका हाकेला दोन हाका

महाराष्ट्र केवढा आहे हे नकाशावर कळत नाही. ज्याला ते खरोखर जाणून घ्यायचे असेल त्याने महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसावे. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदियाला, जाऊन थांबते. वाटेत दौंड येते, मनमाड येते, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर येते. डब्यात चढणाऱ्यांच्या शिदोऱ्या बदलतात, चहाची चव बदलते, 'सरकून घ्या' म्हणण्याची तऱ्हा बदलते. आम्ही उभयता पुण्याला रात्री गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास गोंदियाला उतरलो, तेव्हा आमच्याबरोबर पुण्याहून निघालेले लोक डब्यात चारपाचच उरले होते. एवढा प्रवास करूनही आम्ही महाराष्ट्रातच होतो!

वास्तविक सुट्टीत कुठे जायचे हा प्रश्न आमच्या घरी गेली अठरा वर्षे मुलगी सोडवीत असे. समुद्र म्हणाली की समुद्र, किल्ला म्हणाली की किल्ला. गेल्या वर्षी ती शिकायला बाहेरगावी गेली. दिवाळीला चार दिवस आली, फराळाचे डबे भरून घेऊन परत गेली, आणि सुट्टीचे उरलेले दिवस आमच्यापुढे न उलगडलेल्या सतरंजीसारखे पडून राहिले. त्याच्या आदल्या वर्षी सौभाग्यवतीच्या एका शस्त्रक्रियेने आम्हां दोघांनाही चांगलेच घाबरवले होते. निदान सुदैवाने चांगले निघाले. पण इस्पितळातल्या त्या दहा दिवसांत जे बोलायचे राहून गेले ते घरी आल्यावरही राहूनच गेले. मी माझ्या खोलीत उत्तरपत्रिका तपासतो, ती बाहेरच्या खोलीत बँकेतून घरी आणलेले काम घेऊन बसते. जेवणाची वेळ झाली की ताटांचा आवाज होतो आणि मी उठतो. एकमेकांना हाक मारण्याची गरजच पडू नये, इतके आम्ही एकमेकांच्या सवयीचे झालो होतो.

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा मुलगा गोंदियाकडचा, एम. ए. करायला पुण्याला आला होता आणि आता त्याच भागात शाळेत शिक्षक आहे. त्याचे घर दवनीवाड्याला. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला क्रौंचवध शिकवला होता. आता एकदा क्रौंच पाहायला या."

काव्याचा उगम शिकवताना वाल्मीकीची ती गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला टळत नाही. तमसेच्या काठी क्रौंच पक्ष्यांची जोडी रमलेली असते, निषादाचा बाण लागून नर पडतो, मादी आक्रोश करते, आणि तो शोक ऐकून ऋषीच्या तोंडून निघालेली शापवाणी श्लोक होऊन बाहेर पडते. शोकाचा श्लोक झाला, हे वाक्य मी अठरा-वीस वर्षे त्याच ठिकाणी थांबून, त्याच स्वरात सांगत आलो आहे. हा क्रौंच म्हणजे आपला सारस, असे पक्ष्यांच्या बहुतेक जाणकारांचे मत आहे.

सौ.ला मी हे सांगितले, तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही न पाहिलेल्या पक्ष्यावर शिकवत होतात?" ती म्हणाली; आणि त्याच संध्याकाळी तिने तिकिटे काढली.

गोंदिया हे भातगिरण्यांचे आणि विड्यांचे गाव. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदियाला स्वतःचा जिल्हा मिळाला. स्टेशनावर आमचा विद्यार्थी न्यायला आला होता. तिथून दवनीवाडा तासाभराच्या आतच. काळोखात काही दिसत नव्हते. पण गाडीच्या खिडकीतून एक वास येत होता. पिकलेल्या धानाचा तो वास. पुण्यात आम्ही भात खातो, पण भाताला शेतात असा वास असतो हे मला ठाऊक नव्हते.

सकाळी उठून पाहिले, तो चहूकडे धानच धान. आपल्या देशावरच्यासारखी मोठमोठी सलग शेते इथे नाहीत. लहान लहान चौकोन आणि त्यांच्याभोवती मातीचे धुरे. अशा एका चौकोनाला इथे 'बांधी' म्हणतात. पावसाचे पाणी बांधीत कोंडायचे, त्यात परे रोवायचे, आणि धान पिकेपर्यंत ते पाणी या बांधीतून त्या बांधीत फिरवायचे. शेताच्या वरच्या अंगाला एखादी 'बोडी', म्हणजे लहानसे तळे. त्याहून मोठे ते तलाव. पूर्व विदर्भात असे जुने तलाव हजारोंनी आहेत. मालगुजारांच्या काळापासूनचे म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि लोक त्याचे 'मामा तलाव' करतात. तलाव बांधण्यात इथल्या कोहळी समाजाचा हातखंडा. दक्षिणेकडचा नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यांच्याच एका पूर्वजाने, कोलू पाटलाने, बांधल्याचे सांगतात. त्या जलाशयाच्या काठी मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून काही वर्षे काढली आणि मराठी वाचकाला 'नवेगावबांधचे दिवस' दिले. १८ जून २०२५ रोजी ते गेले. शहरात बसून रान वाचणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी वाचकांना पक्ष्यांची मराठी नावे त्यांनीच शिकवली.

दवनीवाड्याच्या घरी तीन पिढ्या होत्या. घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी, अशी तीन भाषांची उठबस. आमच्या विद्यार्थ्याला गावात सगळे 'गुरुजी' म्हणत. त्यामुळे मी त्याला 'अरे' म्हणालो की त्याची आई पदराआडून हसे. पहिल्या दिवशी जेवायला नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. सौ.ने वड्यांची कृती विचारून घेतली आणि प्रमाण फोनमध्ये लिहून ठेवले. बँकेतल्या माणसाला अंदाज मानवत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हांला नागझिऱ्याला नेले. पहाटे काळोखात निघून तिरोड्यावरून चोरखमाऱ्याच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर नुकता उजेड येत होता. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी या रानावर 'नागझिरा' हे अख्खे पुस्तक लिहिले आहे. ते वाचल्यापासून या नावाभोवती माझ्या मनात एक हिरवा काळोख होता, आणि रान पाहिल्यावर तो खोटा ठरला नाही. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, आणि मधून मधून बांबूची बेटे. पाऊस सरून महिनाही झाला नव्हता, त्यामुळे गवत पुरुषभर उंच होते आणि त्यात काय दडले आहे हे फक्त चितळांना ठाऊक होते.

वाघ दिसला नाही. त्याचे पंजे मात्र दिसले, वाटेच्या ओल्या मातीत, ताजे. मार्गदर्शकाने 'जय'ची गोष्ट सांगितली. याच रानात वाढलेला हा दांडगा वाघ २०१३ मध्ये चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथे फार नावारूपाला आला, आणि २०१६ मध्ये जो नाहीसा झाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. सांगताना मार्गदर्शकाचा आवाज, घरातून निघून गेलेल्या मुलाविषयी बोलावे, तसा झाला होता. तळ्याच्या काठी रानकुत्र्यांची एक टोळी पाणी पिऊन गेली. विटकरी रंग, काळ्या झुबकेदार शेपट्या, आणि एकमेकांशी चाललेली बारीक शीळ. मी ते दृश्य शब्दांत कसे बसवावे याच्या विचारात होतो. सौ. म्हणाली, "अकरा." चितळे तिने त्रेचाळीस मोजली, गवे सहा, अस्वल एक, तेही पाठमोरे. मला एवढेच आठवत होते की पुष्कळ होते.

परतताना मी गुरुजींना म्हणालो, "तुमचे सारस इथे नाहीत का?"

"नाहीत, सर. सारसाला रान नको असतं. त्याला उघडं पाणी पाहिजे आणि धान पाहिजे. तो आमच्यात राहतो."

या 'आमच्यात'चा अर्थ मला पुढे कळला. वाघाला अभयारण्य आहे, फाटक आहे, पहारा आहे. सारसाचे अभयारण्य कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. महाराष्ट्रात हा पक्षी एके काळी अधिक ठिकाणी दिसे. आज तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे. वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या काठची शेते, परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव, ही त्याची ठिकाणे. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. तिथेही तो आहे, आणि राज्यांची सीमा त्याला ठाऊक नसल्यामुळे तो दाणे एका राज्यात टिपतो आणि मुक्काम दुसऱ्या राज्यात करतो. गोंदियातली 'सेवा' ही संस्था, वनखाते आणि गावोगावचे शेतकरी मिळून दरवर्षी सारसांची गणती करतात. गोंदियातला आकडा गेल्या काही वर्षांत चाळिशीच्या आतच राहिला आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. कीटकनाशके, तलावांवरची अतिक्रमणे, नदीतला वाळूचा उपसा आणि शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा, ही मरणाची कारणे.

"चाळीससुद्धा नाहीत?" सौ.ने विचारले. "आमच्या सोसायटीत याहून जास्त स्कूटर आहेत."

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सारस पाहायला निघालो. गावाबाहेर गाडी ठेवली आणि धुऱ्यावरून चालू लागलो. धुरा वीतभर रुंद, दवाने निसरडा. एका बाजूला उभे धान, दुसऱ्या बाजूला कापून अंथरलेल्या कडपा. पुढे गुरुजी, मध्ये सौ., मागे मी. "सांभाळून हं," असे मी तिला म्हणालो आणि त्याच क्षणी माझा पाय घसरून मी बांधीत गुडघाभर चिखलात उभा राहिलो. तिने हात दिला. तो हात धरून मी वर आलो आणि पुढे धुरा रुंद होईपर्यंत मला तो सोडावासा वाटला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

धुके होते. बोडीच्या पाळीशी गुरुजी थांबले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवले. मला फक्त पांढुरके धान दिसत होते. मग त्या धानातून दोन माना वर आल्या.

चित्रात पाहिलेला सारस आणि समोर उभा असलेला सारस यांत पहिला फरक उंचीचा. पक्षी म्हणजे आपण खाली किंवा वर पाहण्याची वस्तू समजतो. हा पक्षी माझ्या डोळ्याला डोळा देऊन उभा होता. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच तोच. साडेपाच-सहा फुटांपर्यंत भरतो. अंग राखी, पाय लालसर, डोके आणि मानेचा वरचा भाग पिसांवाचून लालभडक. दोघे चालत होते आणि चालण्यात घाई मुळीच नव्हती. पाऊल उचलायचे, बोटे मिटायची, पाण्यावर क्षणभर थांबायचे, आणि मग ते पाऊल ठेवायचे. एकाने वळण घेतले की दुसरा चार पावले जाऊन वळे.

"तीन आहेत," सौ. कुजबुजली.

मी पाहिले, दोनच होते.

"खाली बघा. तिच्या पायांशी."

दोघांच्या मधोमध, धानाच्या लोंब्यांच्या आडोशाला, तपकिरी डोक्याचे एक पिल्लू होते. कोंबडीहून बरेच मोठे, पण त्या आईबापांच्या मध्ये अगदी लहान. त्याला अजून उडता येत नव्हते. सारसाचे पिल्लू उडायला सुमारे तीन महिने घेते, आणि त्यानंतरही पुढच्या विणीपर्यंत आईबापांबरोबर राहते, असे गुरुजींनी सांगितले. "मग?" सौ.ने विचारले. "मग ते जाते, काकू. आणि हे दोघे पुन्हा दोघेच राहतात." त्यावर ती काही बोलली नाही.

इतक्यात उन्हाचा पहिला किरण बोडीवर पडला आणि त्यातल्या एकाने मान सरळ आभाळाकडे ताणली, चोच वर केली, पंख किंचित उचलले आणि हाक दिली. तुतारी म्हणावी तर तुतारीत इतका प्राण नसतो. ती हाक संपते न संपते तोच दुसऱ्याने उत्तर दिले, आखूड, लागोपाठ दोनदा. पुन्हा पहिल्याची एक हाक, पुन्हा दुसऱ्याची दोन. दोघे मिळून एकच गाणे म्हणत होते आणि त्यात कुठे सांधा दिसत नव्हता. सगळे शिवार त्या आवाजाने भरून गेले. दूर नदीच्या अंगाने, धुक्यातून, आणखी कुठल्या तरी जोडीने त्याला साद दिली.

"नर आणि मादी दिसायला सारखेच," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "नर थोडा उंच, एवढंच. पण हाक ऐकली की कळते. नराच्या एका हाकेला मादी दोन हाकांनी उत्तर देते."

"एकाला दोन," सौ. म्हणाली, "यात सांगण्यासारखं नवीन काय आहे?"

आम्ही तिघेही हसलो आणि सारसांनी आमच्याकडे नापसंतीने पाहिले.

ज्याची ती बांधी होती तो शेतकरी पाळीवर येऊन उकिडवा बसला होता. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याची बायको मागून पाण्याची कळशी घेऊन आली. गुरुजींनी आमची ओळख करून दिली. पुण्याहून, गाडीत रात्र आणि दिवस काढून, हे पक्षी पाहायला आले आहेत, असे ऐकल्यावर त्या बाईने आधी आम्हांला पाणी दिले.

गोष्ट तिनेच सांगितली. श्रावणात, रोवणी होऊन थोडे दिवस झाले असताना, बोडीलगतच्या कोपऱ्यात या जोडीने परे उपटून आणि गवत गोळा करून पाण्यात मोठा ढीग रचला. नवरा आधी चिडला. रोवलेले परे गेले, म्हणजे तेवढे धान गेले. मग त्यात दोन अंडी दिसली.

"मंग कसं हाकलायचं जी?" ती म्हणाली. "अंड्यावर बसली होती ना."

त्या कोपऱ्याकडे त्यांनी औषध फवारले नाही. पाणी सोडताना घरटे बुडू नये म्हणून त्या अंगाचा धुरा उंच केला. कुत्री येतात, अंडी पळवणारी माणसेही येतात. म्हणून राखण सुरू केली. "दिवसा मी बसो, रात्री हे बसत," ती म्हणाली. "तिकडं त्यांची पाळी, इकडं आमची." महिनाभर असे चालले. एक अंडे वाया गेले, एकातून हे पिल्लू निघाले.

मला जहांगीर बादशहा आठवला. त्याने सारसांची एक जोडी पाळली होती आणि त्यांची नावे लैला आणि मजनू ठेवली होती. नर व मादी अंड्यांवर पाळीपाळीने बसतात, आणि चौतिसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात बारकाईने टिपले आहे. सतराव्या शतकातल्या या नोंदीचे कौतुक पक्षिशास्त्रज्ञ आजही करतात. मी हे उत्साहाने सांगितले. शेतकऱ्याने ऐकून घेतले आणि विचारले, "त्याची शेती होती का जी?" मी म्हणालो, नाही, सगळे हिंदुस्थानच त्याचे होते. "मंग त्याला बरं होतं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. आधी या शिवारात दुसरी जोडी होती. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी धुक्यात उडताना त्यातली एक तारेला लागून पडली. दुसरा कित्येक दिवस त्याच खांबाखाली उभा राहायचा. हाक द्यायचा आणि थांबायचा. "एकच हाक यायची जी. दुसरी नाही यायची. आमाले ऐकू नाही वाटे." मग तो निघून गेला. दोन पावसाळे बोडी रिकामी राहिली. या आषाढात पुन्हा दोन आले. त्यातला उंच तो हाच, अशी या माणसाची खात्री आहे.

"ओळखला कसा?" मी विचारले.

"आल्यावर आधी खांबाखाली जाऊन उभा राह्यला. मंग इकडं आला."

सारसाची जोडी जन्माची, आणि एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, असे आपण ऐकत आलो आहोत. अभ्यासक म्हणतात की जोडी दीर्घकाळ टिकते हे खरे. पण मागे उरलेला पुष्कळदा पुन्हा जोडीदार शोधतो. हा तोच पक्षी की दुसरा, हे कोण सांगणार? पण मी मात्र पाळीवर बसून विचारात पडलो. अठरा-वीस वर्षे मी माझे व्याख्यान शापाच्या उच्चारापाशी संपवीत आलो होतो. नर पडला, मादीने आक्रोश केला, शोकाचा श्लोक झाला, तासाची घंटा झाली. मागे राहिलेल्या त्या पक्ष्याचे पुढे काय झाले, असे मला एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. श्लोकानंतरही तिला कुठे तरी दाणे टिपावे लागले असतील, रात्र काढावी लागली असेल.

सौ. माझ्या शेजारी बसली होती. दूर त्या तारेकडे पाहत तिने अगदी सहज विचारले, "अहो, मी त्या वेळी परत आले नसते तर तुम्ही काय केलं असतं?"

दीड वर्ष हा प्रश्न आमच्या घरात, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत, बसून होता. तो इथे, उघड्या शिवारात, बाहेर पडला. मराठीच्या प्राध्यापकाकडे अशा वेळी वाक्य तयार असावे, पण नव्हते. मी म्हणालो, "खांबाखाली उभा राहिलो असतो."

"आणि मग?"

"ते माहीत नाही."

"मग माहीत असावं," ती म्हणाली. "मी असतानाच ठरवून ठेवू. मुलीला माहीत असावं, खात्यांचे कागद कुठे आहेत ते तुम्हांला माहीत असावं, आणि भाताला पाणी किती घालायचं तेही." आणि मग, पहिल्यांदाच, इस्पितळातल्या एका रात्रीविषयी ती मला सांगू लागली. ते इथे लिहिण्यासारखे नाही. एवढेच सांगतो की सूर्य चांगला वर येईपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि गुरुजी शहाणपणाने शेतकऱ्याबरोबर बोडीच्या पलीकडे निघून गेले होते.

उठायच्या वेळी रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाला धुऱ्यावरूनच ओरडून सांगू लागला: हार्वेस्टर परवा या बाजूला येणार आहे, सगळ्यांचे भारी धान एकदम काढून घेतील, पुन्हा या अंगाला केव्हा फिरेल याचा भरवसा नाही. शेतकरी गप्प राहिला. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. यंत्र येते तेव्हा काढून घेण्यातच शहाणपण असते. पण यंत्र बांधीत शिरले तर पिल्लाला लपायला आडोसा कुठला, आणि उडता न येणाऱ्याने पळावे कुठे? त्याने बायकोकडे पाहिले. तीही थोडा वेळ काही बोलली नाही. पुण्याच्या पाहुण्यांसमोर मोठेपणा मिरवावा अशी ती बाई नव्हती. ती मनात हिशेब करीत होती, आणि तो हिशेब सौ.ला माझ्या आधी कळला.

"तेवढा बोडीकडचा कोपरा राहू द्या," ती शेवटी नवऱ्याला म्हणाली. "उडून गेले म्हंजे मी विळ्यानं कापीन."

"एकटी?"

"तुमी काय मंडईत नाचणार हाव का तवा?"

तो हसला आणि त्याने ट्रॅक्टरवाल्याला हात वर करून दाखवले: बाकीचे काढा, कोपरा सोडा. बस एवढेच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सारस आपल्या पिल्लाला घेऊन पलीकडच्या धुऱ्याकडे चालले होते. आपल्यासाठी काही ठरले आहे याची त्यांना वार्ताही नव्हती.

त्या रात्री जवळच्या गावी मंडई होती. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडया भरतात. दुकाने, पाळणे, लेकी-जावयांची ये-जा, गोवाऱ्यांचा नाच, आणि रात्र चढली की दंडार किंवा नाटक. सोयरिकीची बोलणी इथेच निघतात, म्हणे. आम्ही गरम जिलबी खाल्ली आणि नाटकाचा पहिला अंक पाहिला. गर्दीत ते शेतकरी जोडपे दिसले. बाईने सौ.ला ओळखून हात केला. सौ. तिच्याशी बराच वेळ बोलत उभी होती. काय बोललात, असे मी नंतर विचारले, तर म्हणाली, "त्या कोपऱ्यात किती धान होईल ते विचारलं." किती, हे तिने मला सांगितले नाही. हिशेबाचा आकडा तिने स्वतःजवळ ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मंडईहून परतणारी, दिवाळीला माहेरी आलेली, कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघालेली, अशी सगळी माणसे गोंदियाच्या फलाटावर एकवटली होती. गुरुजींनी दिलेले नव्या तांदळाचे पोते माझ्या खांद्यावर होते. गाडी लागली आणि लोटालोट झाली. वळून पाहतो तो सौ. मागे नाही. एरवी मी डब्याशी जाऊन उभा राहिलो असतो. ती येते, हे ठरलेलेच. पण त्या क्षणी काय वाटले कोण जाणे, मी पोते खाली ठेवले, मान उंच केली, आणि भर फलाटावर तिला नावाने हाक मारली. लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण चारचौघांत मी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. दोनचार माणसांनी वळून पाहिले.

गर्दीतून, पाण्याच्या नळाच्या बाजूने, उत्तर आले:

"आले, आले!"